बाकावरची मोकळी जागा

कॅनडाचे शिल्पकार टिमथी श्माल्झ यांचं ‘होमलेस जीझस’ हे ब्राँझचं शिल्प आपल्यापैकी काहींनी फोटोत पाहिलं असेल. 2013 मध्ये ते टोरांटोच्या रेजिस कॉलेजबाहेर बसवलं गेलं. बाकावर कुणीतरी पांघरूण ओढून झोपलंय. चेहरा झाकलेला, पावलं उघडी. पावलांवरच्या खिळ्यांच्या खुणा पाहिल्या की कळतं, हा येशू. पायांशी एक माणूस बसेल एवढी जागा मोकळी आहे.

अमेरिकेत डेव्हिडसन गावातल्या चर्चच्या आवारात हेच शिल्प आलं, तेव्हा खराच बेघर माणूस समजून एका बाईंनी पोलिसांना फोन केला. ऐकून आपण हसतो. पण शिल्पाचं यश त्यातच आहे. बाकावर झोपलेला माणूस दिसला की आपल्यालाही आधी बंदोबस्तच सुचतो.

तरी आमचा एक आक्षेप आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात, 25व्या अध्यायात, भुकेल्याला जेवू घालणाऱ्यांना आपण प्रभूची सेवा केली हे ठाऊकच नसतं. शिल्प मात्र खुणा दाखवून उत्तर आधीच सांगून टाकतं. मग आपला आदर त्या खुणांना जातो. रस्त्यावरच्या माणसाच्या पायांना खुणा नसतात, भेगा असतात. तो बोलतो, चिडतो, आपली मदत नाकारूही शकतो. ब्राँझ यातलं काही करत नाही.

शिल्पाशेजारी बसून फोटो काढणं सोपं आहे. आपल्या ख्रिस्ती श्रद्धेची परीक्षा पुढच्या बाकावर होते. तिथे ओळख पटायची वाट न पाहता बसायचं, आणि त्या माणसाला त्याचं नाव विचारायचं.