श्यानतेची साक्ष : पेयांच्या जाहिरातींतील संगणकनिर्मित द्रव

वाई येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाने (पहिला खंड १९७६) मराठीतून विज्ञान वाचणाऱ्यांच्या हाती द्रायुयामिकी, श्यानता, पृष्ठताण, प्रणमन अशा संज्ञा दिल्या. शीतपेयाच्या तीस सेकंदांच्या जाहिरातीचे मूल्यमापन करण्यासाठी पुढे याच संज्ञांची गरज भासेल, हे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादक मंडळाच्या ध्यानीमनीही नसावे. परंतु आज अशा जाहिरातींतील उसळणारा द्रव अनेकदा कोणत्याही भांड्यात ओतलेला नसतो, तो गणिताने घडविलेला असतो. म्हणून त्याच्या समीक्षेला केवळ 'आकर्षक', 'जिवंत' या विशेषणांवर भागवता येत नाही.

या द्रवाच्या मुळाशी नाव्हिए (१८२२) आणि स्टोक्स (१८४५) यांची समीकरणे आहेत. ती संगणकाकडून सोडवून घेताना गणनेचा कालखंड थोडा मोठा धरला, तरी पूर्वी सारे आकडे भरकटत आणि द्रवाचा जणू स्फोट होई. १९९९ मध्ये जॉस स्टॅम यांनी स्थिर राहणारी पद्धती मांडली. २००१ मध्ये फॉस्टर आणि फेडकिव यांनी पाण्याचा पृष्ठभाग व त्यावरून सुटणारे कण यांची सांगड घातली. माद्रिद येथील एका संस्थेने तयार केलेली 'रिअलफ्लो' ही आज्ञावली याच सुमारास जाहिरातनिर्मितीत रूढ झाली. या इतिहासाचा तपशील येथे आवश्यक नाही. महत्त्वाचे हे की, श्यानता, पृष्ठताण, घनता ही द्रवाची स्वभावलक्षणे कलावंताच्या हाती आकड्यांच्या रूपाने आली व ते आकडे त्याला हवे तसे बदलता येऊ लागले.

हे काम वाटते तितके सोपे नाही, हेही मान्य केले पाहिजे. पृष्ठताण आणि काळाचे प्रमाण जुळले नाही, तर पेल्यातील लाट धोम धरणाच्या सांडव्यासारखी दिसू लागते. प्रेक्षक थेंबाच्या आकारावरून आणि पडण्याच्या वेगावरूनच भांड्याचा आकार ओळखतो. काचेचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. काच व पेय यांच्यामध्ये हवेची केसभर फट राहिली, तरी प्रकाशाचे प्रणमन बिघडते आणि पेय पेल्यात भरलेले न वाटता आत ठेवलेल्या वेगळ्या ठोकळ्यासारखे दिसते. यासाठी द्रवाची कड काचेच्या जाडीत किंचित शिरवून ठेवतात. निसर्गात न घडणारी ही लबाडी केल्याखेरीज चित्र नैसर्गिक दिसत नाही! दुधाच्या बाबतीत प्रकाश पृष्ठभागाखाली शिरून, विखुरून बाहेर येतो. ते गणित २००१ मध्ये जेन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुलभ केले, तोवर पडद्यावरचे संगणकीय दूध पांढऱ्या रंगासारखेच दिसे.

तथापि येथे 'वास्तव' या संकल्पनेचा अर्थ तपासावा लागतो. थेंब पडताच उठणारा दुधाचा मुकुट मानवी डोळ्याला स्पष्टपणे कधीच दिसलेला नाही. हॅरॉल्ड एजर्टन यांच्या १९५७ च्या प्रसिद्ध छायाचित्राने तो सर्वपरिचित केला. म्हणजे जाहिरातीतील द्रव पाण्याचे अनुकरण करीत नाही, तो अतिवेगवान कॅमेऱ्याचे अनुकरण करतो. संगणकापूर्वीही या क्षेत्रात प्रामाणिकपणा नांदत होता असे नाही. बाटलीवरचे दवबिंदू ग्लिसरीनचे आणि बर्फाचे खडे ॲक्रिलिकचे, ही छायाचित्रकारांची जुनीच रीत आहे.

वाईजवळच्या मेणवलीत ज्याचे बरेचसे चित्रीकरण झाले, त्या 'स्वदेस' (२००४) या आशुतोष गोवारीकर यांच्या चित्रपटातील रेल्वेस्थानकावरचा प्रसंग या संदर्भात आठवतो. तोपर्यंत बाटलीबंद पाणीच पिणारा नायक मोहन भार्गव पंचवीस पैशांत पाणी विकणाऱ्या मुलाकडून मातीचे भांडे घेतो आणि ते पाणी पितो. (हा नायक नासामध्ये पर्जन्यमापन करणाऱ्या उपग्रहाच्या प्रकल्पावर काम करतो, हा योगायोग नसावा.) तेथे पाणी उसळत नाही, चमकत नाही. त्याचे सारे वजन मुलाच्या चेहऱ्यावर आणि त्या पंचवीस पैशांवर आहे. जाहिरातीतील द्रवाला मात्र किंमत नसते, तहान नसते आणि बहुधा पिणाराही शेवटच्या दोन सेकंदांपुरताच असतो.

सौंदर्यदृष्टीने एवढी तक्रार पुरेशी ठरली असती. आंब्याच्या पेयांपाशी आल्यावर मात्र प्रश्न केवळ अभिरुचीचा राहत नाही. पडद्यावर जी सोनेरी धार घड्या घालीत, वेटोळे करीत संथपणे उतरते, ती आमरसाची धार आहे. पाण्यासारख्या पातळ द्रवाची धार अशा घड्या घालीत नाही. तशा घड्यांसाठी श्यानता पुष्कळ अधिक लागते. भारतीय अन्न मानकांनुसार (२०११) पिण्यास तयार अशा फळपेयात फळांच्या रसाचे प्रमाण किमान दहा टक्के असले की पुरते. लिंबाच्या पेयास तर पाच टक्के चालतात. म्हणजे वेष्टनावरचा आकडा एक सांगतो आणि धारेचा दाटपणा दुसरेच सुचवितो. तेही एक शब्द न उच्चारता. घरी आमरस काढलेल्या प्रेक्षकाच्या हातांना त्या दाटपणाचा अर्थ ठाऊक असतो, म्हणून तो फसतो. ज्याला आमरस माहीत नाही, त्याला ही धार काहीच सांगत नाही.

अमेरिकेत १९७० च्या सुमारास एका सूपच्या जाहिरातीवरून असाच वाद झाला. वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या घालून भाज्यांचे तुकडे वर आणले होते, आणि तेथील संघीय व्यापार आयोगाने त्यास आक्षेप घेतला. गोट्या निदान बाहेर काढून दाखविता येत होत्या. श्यानतेचा वाढविलेला आकडा आज्ञावलीत राहतो. त्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखवायचा तो एकच, खुद्द ती धार. आणि म्हणूनच ती वाचणे हे समीक्षकाचे काम ठरते. बर्फाचा बनावट खडा आणि बनावट दाटपणा यांत त्याने फरक केला पाहिजे. पहिला पेयाविषयी काही सांगत नाही, दुसरा त्यात काय आहे हे सांगतो.

ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ खाली २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक सूचना निघाल्या. खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याच्याच टंकात असावा, असे त्यांत म्हटले आहे. दावा शब्दांत नसून वाहण्याच्या रीतीत असेल, तेव्हा त्याची भाषा व टंक कोणता मानावा, याचे उत्तर त्या तरतुदीत मिळत नाही.