बाईच्या हाताला किती चित्रं?

ॲनिमेशनमध्ये काहीही आपोआप हलत नाही. कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली नटी न सांगता पापणी लववते, पदर सावरते, तिच्या मागची झाडं वाऱ्याने डुलतात. ॲनिमेशनमध्ये पापणी लवायची तर कोणीतरी बसून ती काढावी लागते आणि त्या कामाची मजुरी मोजावी लागते. सेकंदाला चोवीस चौकटी पडद्यावरून सरकतात. ओसामु तेझुकाच्या स्टुडिओने 1963 मध्ये ‘ॲस्ट्रो बॉय’ ही मालिका दर आठवड्याला टीव्हीवर आणायला घेतली, तेव्हा एवढी चित्रं काढणं परवडणारं नव्हतं. एकच चित्र तीन-तीन चौकटी धरून ठेवायचं, चेहरा स्थिर ठेवून नुसते ओठ हलवायचे, एकदा काढलेली हालचाल पुन्हा पुन्हा वापरायची, अशा काटकसरीवर जपानी टीव्ही ॲनिमेशन उभं राहिलं.

म्हणून ॲनिमेतल्या, म्हणजे जपानी ॲनिमेशनमधल्या, स्त्रिया कशा आहेत, हे मी त्या धीट आहेत की भित्र्या, तलवार चालवतात की रडतात, यावरून ठरवत नाही. हालचाल इतकी महाग असताना बाईच्या कोणत्या हालचालीवर पैसा आणि कष्ट खर्च झाले, हे आधी बघते.

मार्च 1992 मध्ये सुरू झालेली ‘सेलर मून’ घ्या. नाओको ताकेउचीच्या मंगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून, बनलेल्या या मालिकेने एक मोठं काम केलं. त्याआधी 1967 च्या ‘प्रिन्सेस नाइट’मधल्या सफायरला आणि 1979 च्या ‘रोझ ऑफ व्हर्साय’मधल्या ऑस्करला हातात तलवार घ्यायची तर पुरुषाच्या वेशात राहावं लागलं होतं. सेलर मूनच्या शाळकरी मुली मुली म्हणूनच लढल्या, एकमेकींसाठी लढल्या, आणि जगभरच्या मुलींनी त्यांना आपलं मानलं. पण मालिकेतली सर्वांत देखणी, सर्वांत मेहनतीने काढलेली हालचाल कोणती? मुलीचं शरीर गिरक्या घेत योद्ध्याच्या पोशाखात शिरतं ती. तेवढा तुकडा जपून ठेवलेला असे आणि भागामागून भाग तोच दिसे. उरलेल्या वेळात त्याच मुली बहुधा स्थिर चेहऱ्याने बोलत. पैसा कशावर खर्च झाला ते उघड दिसतं.

पुढे पैसा वाढला, संगणक आले, पण ही सवय सुटली नाही. लढाईच्या मालिकांमध्ये मुलीचे केस, तिचा स्कर्ट, तिची छाती यांना स्वतंत्र हालचाल मिळते, आणि तीच मुलगी पाण्याचा पेला उचलते तेव्हा हात लाकडी दिसतो. अलीकडच्या सर्वांत लाडक्या मुलींपैकी एक म्हणजे ‘डीमन स्लेयर’ची नेझुको. या मालिकेचा ‘इन्फिनिटी कॅसल’ हा सिनेमा सप्टेंबर 2025 मध्ये हिंदीतूनही भारतभर लागला. नेझुको ताकदवान आहे, भावासाठी जीव धोक्यात घालते, आणि कथेचा बराचसा भाग तिच्या तोंडात बांबूची नळी बांधलेली आहे. राक्षस झालेल्या मुलीने कोणाला चावू नये, हे कथेतलं कारण मला समजतं. तरीही लाखो मुलामुलींची आवडती नायिका बराच काळ बोलूच शकत नाही, याने मी अस्वस्थ होते. ‘अटॅक ऑन टायटन’ची मिकासा तर तिच्या तुकडीतली सगळ्यांत कुशल सैनिक. पण तिच्या मनात, ज्याच्यासोबत वाढली त्या एरेनखेरीज दुसऱ्या कशाला फारशी जागाच ठेवलेली नाही.

मुंबईच्या खाडीपलीकडे, आमच्या उरण-न्हावा-शेव्याच्या घरांत ॲनिमे आलं ते मुख्यतः ‘डोरेमॉन’ आणि ‘शिन-चॅन’ यांच्यातून, हिंदी आवाजात. ‘डोरेमॉन’मधली शिझुका हुशार आहे, व्हायोलिन शिकते, पण तिचा वर्गमित्र नोबिता चुकीच्या वेळी तिच्या न्हाणीघरात टपकतो हा विनोद इतक्या वेळा आला आहे की मुलांना त्यात काही वावगं वाटेनासं झालंय. नोबिताची आई आणि शिन-चॅनची आई यांच्या वाट्याला ओरडणं आलं. घर त्या दोघीच चालवतात, पण चालवताना क्वचित दिसतात. घरकाम दाखवायला चित्रं लागतात. ओरडायला उघडं तोंड आणि कपाळावरची शीर पुरते.

हे एवढंच पाहून जपानी ॲनिमेशनविषयी मत बनवणाऱ्यांशी मात्र माझं भांडण आहे. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही ॲनिमेशनने काम करणाऱ्या बाईकडे इतकं निरखून पाहिलेलं नाही. इसाओ ताकाहाताच्या ‘ओन्ली यस्टरडे’मध्ये (1991) टोकियोच्या ऑफिसातली सत्तावीस वर्षांची ताएको रजा घेऊन यामागाताला करडईची फुलं खुडायला जाते. ज्या मुलींच्या उघड्या हातांना काटे टोचत, त्यांच्या ओठांना त्या फुलांचा रंग कधी लागला नाही, हे सिनेमा आपल्याला सांगतो. आणि ताएको हसते तेव्हा गालावर पडणाऱ्या रेघाही काढतो. नायिकेच्या गालावर अशा रेघा काढू नयेत असा तोवरचा रिवाज होता.

कागदाच्या अलीकडे बसलेल्या बायकांचीही गोष्ट यात आहे. तोएई या जपानी कंपनीच्या ॲनिमेशन स्टुडिओत रंग भरण्याचं काम बहुतांशी बायका करत, आणि मूल झालं की नोकरी सोडू असं त्यांच्याकडून लिहून घेतलं जाई. रेइको ओकुयामा 1950 च्या दशकाच्या अखेरीस तिथे लागल्या, लग्नानंतर आणि बाळंतपणानंतरही हट्टाने टिकून राहिल्या आणि मोठ्या ॲनिमेटर झाल्या. त्यांच्या आयुष्यावर बेतलेली ‘नात्सुझोरा’ ही मालिका जपानच्या सार्वजनिक वाहिनीने 2019 मध्ये रोज सकाळी दाखवली.

मला सर्वांत जवळचे वाटतात ते बंदरांचे सिनेमे. मी राहते तिथे खाडीच्या जागी भराव झाला, 26 मे 1989 ला जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं, आणि पूर्वी जिथे ओहोटीला बायका कालवं काढायला, निवट्या धरायला उतरत तिथे आता क्रेन उभ्या आहेत. शेवा कोळीवाड्यातल्या माणसांना उठवून उरणजवळ वसवलं. आता जपानच्या कर्जातून उभा राहिलेला अटल सेतूही जानेवारी 2024 पासून शिवडीहून आमच्याकडे येतो. समुद्र सरकला की बाईच्या कामाचं काय होतं, हे इथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

सुनाओ काताबुचीच्या ‘इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड’ (2016) या सिनेमातली सुझु हिरोशिमाजवळच्या एबाची, समुद्रातलं नोरी नावाचं शेवाळ वाळवून विकणाऱ्या घरातली. सुरुवातीला ती लहान आहे आणि माल पोचवायला शहरात आली आहे. पाठीवरचं गाठोडं तिला पेलत नाही. ते ती भिंतीला टेकवते, आपली पाठ त्याला लावते, कापडाची गाठ पुढे ओढून घट्ट करते आणि मग उभी राहते. हे सगळं पूर्ण दाखवलं आहे. पोरीला ओझं उचलायची युक्ती माहीत आहे, म्हणजे तिने हे आधीही केलंय, हे एकाही संवादाशिवाय कळतं. पुढे किनाऱ्यावर भराव पडतो आणि घरचा शेवाळाचा धंदा बंद होतो. सिनेमा यावर हंबरडा फोडत नाही, फक्त पुढे एकदा बापाच्या अंगावर कारखान्याचे कपडे दिसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सिनेमा थांबवून बाहेर जाऊन उभी राहिले होते. बंदरामुळे पारंपरिक मासेमारी बुडाल्याबद्दल इथल्या 1,630 कोळी कुटुंबांना भरपाई द्या, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये दिला. लवादाच्या निकालात रक्कम येते. ओहोटीला कमरेत वाकलेली बाई त्यात येऊ शकत नाही, ते काम कलेचं आहे.

सुझुचं लग्न कुरे या आरमारी बंदराच्या गावी होतं. तिथे ती पाणी भरते, लाकडं आणते, रानातला पाला ओळखून शिजवते, युद्धाच्या टंचाईत मूठभर तांदूळ भाजून, भिजवून फुगवते. कातडीखालचा स्नायू कळावा इतक्या हळू आणि बारीक हालचाली, दोन चित्रांमध्ये आणखी चित्रं घालून, काताबुचीच्या चमूने काढल्या. सहायक दिग्दर्शक चिए उरातानी यांचा त्यात मोठा वाटा आहे. मूळ मंगाही फुमियो कोनो या बाईचीच. सुझुला चित्रं काढायची आवड. टेकडीवरच्या शेतातून ती बंदरातल्या युद्धनौका वहीत उतरवते आणि लष्करी पोलीस तिला हेर समजून घरापर्यंत येतात. बंदराच्या कुंपणाशेजारी राहणाऱ्याला हा प्रसंग चटकन पटेल. जून 1945 मध्ये उशिरा फुटणाऱ्या एका बॉम्बने तिच्या हाताला धरलेली भाची जाते आणि तो उजवा हातही जातो. त्यानंतर पडद्यावरचं जगच डाव्या हाताने काढल्यासारखं वेडंवाकडं होतं. बाईचा हात म्हणजे काय, हे इतक्या खोलवर सांगणारं दुसरं ॲनिमेशन मला ठाऊक नाही.

या सिनेमातही एका बाईला जागा कमी पडली होती. कुरेच्या वेश्यावस्तीतली रिन सुझुला भेटते आणि बाजूला राहते. काताबुचीने 2019 मध्ये सुमारे चाळीस मिनिटं वाढवून नवी आवृत्ती आणली, ती बरीचशी रिनसाठी. सुझुच्या नवऱ्याचा आणि रिनचा पूर्वीचा संबंध त्यात उलगडतो, आणि भोळी वाटणारी सुझु एकदम मोठी होते. मला ही लांब आवृत्ती अधिक खरी वाटते.

गोरो मियाझाकीच्या ‘फ्रॉम अप ऑन पॉपी हिल’ची (2011) गोष्ट 1963 च्या योकोहामातली. उमी रोज सकाळी भात लावते, अंडी तळते, घरातल्या भाडेकरूंची पानं वाढते आणि समुद्रावर गेलेल्या, परत न आलेल्या बापासाठी निशाणं उभारते. स्वयंपाकाची हालचाल सुंदर आहे आणि तीच मला खुपते. ही शाळकरी मुलगी एवढं घर ओढते, याबद्दल सिनेमात कोणी अवाक्षर काढत नाही. मुलांच्या पडक्या क्लबहाउसात मुलगे तत्त्वज्ञान बोलतात, आणि ती वास्तू वाचवायची वेळ येते तेव्हा मुली बादल्या-फडकी घेऊन येतात. हा सिनेमा ज्या घिब्ली स्टुडिओचा, तिथल्या मुली कष्टाळू आहेत, स्वाभिमानी आहेत, पण त्यांचं राबणं इतकं उजळ दाखवलं जातं की त्यातला थकवा पुसला जातो. हयाओ मियाझाकीच्या ‘पोन्यो’तली (2008) लीसा म्हणूनच मला आवडते. नवरा बोटीवर, येतो म्हणाला आणि आला नाही. ती वृद्धाश्रमातली नोकरी करून घरी येते, दिव्याच्या सांकेतिक भाषेत त्याच्या बोटीला मूर्ख, मूर्ख म्हणते आणि जमिनीवर आडवी पडते. चिडलेली, दमलेली, स्वयंपाकाला न उठणारी आई. या सिनेमासाठी हाताने काढलेल्या 1,70,000 हून अधिक चित्रांतली काही तिच्या आडवं पडण्यावर खर्च झाली, याचा मला आनंद आहे.

आपल्याकडे काय झालं? जपान आणि भारत मिळून बनलेला ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाला. युगो साको, कोइची सासाकी आणि मुंबईचे राम मोहन यांचा हा सिनेमा जानेवारी 2025 मध्ये चित्रगृहांत आला. निसर्ग आणि युद्ध त्यात अप्रतिम आहे. सीता मात्र बहुतेक वेळ सुंदर आणि स्थिर आहे. त्याच सुमारास राम मोहन यांनी युनिसेफसाठी ‘मीना’ ही मालिका केली. पैसा कमी, हालचाल तुटक. पण एका भागात मीना आणि तिचा भाऊ राजू दिवसभरासाठी कामं बदलतात, राजू दमून जातो आणि ताटात कोणाला किती मिळतं हा प्रश्न उभा राहतो. बाईचं काम कथेच्या मध्यभागी आणण्यात मीना त्या देखण्या रामायणाच्या पुढे आहे, हे मी जबाबदारीने म्हणते. आणि जे. जे. कलासंस्थेत शिकलेल्या गीतांजली राव. त्यांच्या ‘प्रिंटेड रेनबो’तली (2006) एकटी म्हातारी काड्यापेट्यांवरच्या चित्रांत शिरते. ‘बॉम्बे रोझ’मधली (2019) कमला दिवसा गजरे विकते आणि रात्री बारमध्ये नाचते. चौकटीमागून चौकट रंगवलेल्या या सिनेमात मुंबईची कष्टकरी बाई दिसते. खाडीच्या अलीकडची अजून कोणी काढलेली नाही.

ती काढायची तर काताबुचीची वाट धरावी लागेल. निर्मात्यांना भरवसा वाटत नव्हता, तेव्हा 2015 मध्ये 3,300 हून अधिक लोकांनी पदरचे पैसे घालून त्याचा सिनेमा उभा राहायला हातभार लावला. त्याआधी काही वर्षं तो जुने फोटो गोळा करत होता, हिरोशिमाच्या नाहीशा झालेल्या गल्लीत कोणतं दुकान कुठे होतं हे तिथे वाढलेल्या म्हाताऱ्यांना विचारत होता. न्हावा, शेवा, गव्हाण, करंजा इथल्या ज्या बायका बंदराआधी खाजणात उतरल्या, त्या आज साठीपलीकडे आहेत. चिखलात पाय रुतला की तो आधी आडवा करून मग कसा काढायचा, कोयतीने कालव खडकापासून कसं सोडवायचं, भरलेली पाटी उचलताना दुसरीने हात कुठे लावायचा, हे त्यांना विचारलं तर त्या सांगत बसत नाहीत, उठून करून दाखवतात. पवईच्या आयआयटीत ॲनिमेशन शिकवलं जातं, जे. जे. मुंबईतच आहे. तिथल्या मुलामुलींनी वह्या घेऊन पूल ओलांडावा. तीस-चाळीस सेकंदांच्या चित्रणापासून सुरुवात केली तरी चालेल, पण हातांना पुरती चित्रं द्यावीत, आणि त्या बायका दाखवायला आहेत तोवर यावं.