पंचवीस सेकंदांत चारशे मीटर

बालभारतीने २०१७ साली काढलेल्या नववीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या पुस्तकाचे पहिले प्रकरण ‘गतीचे नियम’ हे आहे. त्यात एक सोडवून दाखवलेले उदाहरण आहे. वर्तुळाकार मार्गावर धावणारा खेळाडू २५ सेकंदांत ४०० मीटर अंतर कापून सुरुवातीच्या जागी परत येतो. त्याची सरासरी चाल व सरासरी वेग किती? चाल १६ मीटर प्रतिसेकंद, वेग शून्य. गणित बिनचूक आहे. पण असा खेळाडू आहे कोठे?

दक्षिण आफ्रिकेच्या वेड व्हॅन निकर्कने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये या अंतराचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याला ४३.०३ सेकंद लागले. म्हणजे सरासरी चाल सुमारे ९.३ मीटर प्रतिसेकंद. उसेन बोल्टने २००९ साली बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत कापले. त्याचीही सरासरी सुमारे १०.४ एवढीच होती. पुस्तकातला खेळाडू मात्र ताशी ५७.६ किलोमीटरने, म्हणजे नागपूर-सावनेर रस्त्यावरच्या मोटारीच्या बरोबरीने धावतो.

प्रकरणात चांगल्या गोष्टी आहेत. मैदानाभोवती फेरी मारणाऱ्या स्वरालीमुळे अंतर आणि विस्थापन यांतला फरक मुलांच्या लगेच ध्यानात येतो. अमर, अकबर आणि अँथनी यांच्या मोटारींचा तक्ता वाचताना एकसमान व नैकसमान गती मुले स्वतः ओळखतात. उणीव आहे ती उदाहरणांतल्या आकड्यांत. ते बहुधा नि:शेष भाग जावा म्हणून निवडलेले असावेत. कांगारूची उडी २.५ मीटर घेतली की २ × ९.८ × २.५ बरोबर ४९ होतात आणि वर्गमूळ ७ येते. सोप्या आकड्यांत गैर काही नाही. पण ४०० ला ८० नेही नि:शेष भाग जातो. चाल ५ मीटर प्रतिसेकंद येते आणि शाळेतली मुलगी खरोखर तशी धावू शकते.

विमानाच्या उदाहरणात वेगळी अडचण आहे. ३.२ मीटर प्रतिसेकंद वर्ग त्वरणाने ३० सेकंद धावून विमान उडते. धावपट्टीवरचे अंतर १४४० मीटर येते. सोनेगावची धावपट्टी ३२०० मीटरची असल्याने हे अंतर पटते. पण उड्डाणाच्या क्षणीचा वेग पुस्तकाने विचारलेला नाही. तो ९६ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी सुमारे ३४६ किलोमीटर निघतो. प्रवासी जेट विमाने साधारणपणे २५० ते ३०० च्या दरम्यान जमीन सोडतात. हा एक प्रश्न वर्गात विचारला, तर उदाहरणाचे सोने होईल.

याला बारीकसारीक खोड म्हणता येणार नाही. अशक्य प्रश्नाचे बरोबर उत्तर काढून पूर्ण गुण मिळाले, की विद्यार्थी एक गोष्ट पक्की शिकतो: भौतिकशास्त्रातल्या आकड्यांचा आपल्या जगाशी संबंध नसतो. पुढे प्रयोगशाळेत दहापट चुकीचे उत्तर आले तरी त्याला खटकत नाही. भाषाही त्यात भर घालते. रस्त्यावरच्या पाटीवर ‘वेगमर्यादा’ लिहिलेले असते. पुस्तकाच्या व्याख्येप्रमाणे ती ‘चालमर्यादा’ आहे. हे शिक्षकांनी सांगितले नाही, तर चाल हा परीक्षेपुरता शब्द उरतो.

यावर उपाय आपल्या परिसरातच सापडतो. कोराडीच्या वीजकेंद्राला कोळसा रेल्वेनेही येतो. मालगाडीच्या बॉक्सएन वाघिणीची लांबी, जोडणीसह, सुमारे १०.७ मीटर असते. रुळांपासून दूर, सुरक्षित जागी उभे राहून मुलांनी एका खांबासमोरून जाणाऱ्या वाघिणी दर २० सेकंदांना मोजाव्यात. समजा, सुटलेल्या गाडीच्या ६, ८ आणि १० मोजल्या. तर सरासरी चाल अनुक्रमे ३.२, ४.३ आणि ५.४ मीटर प्रतिसेकंद येते. दर २० सेकंदांत चाल सुमारे १.१ ने वाढली, म्हणून त्वरण ०.०५ मीटर प्रतिसेकंद वर्गाच्या आसपास. येथे उत्तर नेटके येणार नाही. मोजणीत एक वाघीण इकडची तिकडे झाली तर चाल अर्ध्या मीटरने बदलते, आणि त्वरणावर त्याचा परिणाम आणखी मोठा होतो. नेमकी हीच चर्चा वर्गात व्हायला हवी. शिवाय याच प्रकरणातल्या मोटारबोटीचे त्वरण ३ आहे. ते मालगाडीच्या साठपट का असावे, हा प्रश्न मुले आपणहून विचारतील आणि तेथून वस्तुमान व बल यांच्याकडे वळता येईल.

पुस्तकाच्या पुढील आवृत्तीत खेळाडूला ८० सेकंद द्यावेत, ही संपादकांना विनंती. तोपर्यंत शिक्षकांनी प्रत्येक गणिताखाली एक ओळ वाढवावी: हे उत्तर ताशी किलोमीटरमध्ये मांडा आणि ते शक्य आहे का, सांगा. त्या ओळीलाही गुण ठेवावेत.