अंगठ्याची रसिकता

मार्च २०२० च्या टाळेबंदीत कॉलेजात शिकणारा आमचा पुतण्या यवतमाळच्या घरी अडकला, तेव्हा त्याची रसिकता मला जवळून पाहायला मिळाली. ती अंगठ्यात असते. मुखडा संपला रे संपला, की अंगठा गाणे पुढे ढकलतो. दिवसभरात शंभर गाणी, पण अंतरा एकाचाही ठाऊक नाही. आम्ही बँकवाले याला ‘उलाढाल भरपूर, शिल्लक निरंक’ म्हणतो.

अशात २८ मार्चपासून दूरदर्शनने रामानंद सागरांचे ‘रामायण’ पुन्हा सुरू केले. मूळ मालिका १९८७ सालची. आज पाहिली तर दोष ढीगभर. दोन बाण हवेत भेटायला निघतात, तेवढ्यात चहा होऊन कपबशा विसळून होतात.

‘‘काका, हे लय रेंगाळते हो!’’ पुतण्या म्हणाला. खरेच होते. पण त्या रेंगाळण्यातच रवींद्र जैनांच्या संगीताला जागा मिळते. प्रसंग थबकतो, तिथे गाणे बोलू लागते. ते पुरते ऐकावेच लागते, कारण दूरदर्शनपुढे अंगठ्याचे काही चालत नाही.

माझा आक्षेप पोराच्या गाण्यांवर नाही, कानातल्या इअरफोनवर आहे. स्वतः निवडलेलेच ऐकणाऱ्याला शेजारच्याची आवड कळायची कशी? आजी कुठल्या गाण्याला डोळे पुसते, हे त्याला त्या दिवसांत प्रथमच कळले.

१८ एप्रिलला मालिका संपली. रामाला वनवास चौदा वर्षांचा. आजीला नातवाची सोबत तीन आठवड्यांची.