‘ऋतुचक्रा’तील घाणेरी

दुर्गा भागवत यांच्या ‘ऋतुचक्र’ (१९५६) या ग्रंथाचे रसग्रहण बहुधा रंग, गंध आणि शब्दकळा यांच्या अंगाने झाले आहे. ते यथार्थ असले तरी त्यामुळे एक प्रश्न उपेक्षित राहिला, असे आम्हांस वाटते. एखादी वनस्पती ‘आपली’ केव्हा म्हणावी, हा तो प्रश्न होय. चैत्रावरील लेखातील घाणेरीचा उतारा या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे.

मराठीने या झुडपाला दिलेले नाव लेखिकेस रुचत नाही. उग्र दर्पापायी लोकांनी त्याच्या फुलांची किंमत केली नाही, हा त्यांचा आक्षेप. म्हणून उत्तरेकडील ‘रायमुनिया’ हे नाव त्या कौतुकाने पुढे करतात. उताऱ्याचा भर झुडपाच्या मूळ देशावर नाही. चैत्रात ते कसे दिसते, यावर आहे. आमच्या मते हे योग्यच झाले. जन्मभूमी हीच कसोटी मानली तर मिरची, बटाटा, पेरू आणि काजू यांनाही घाणेरीबरोबर अमेरिका खंडात परत धाडावे लागेल, आणि गुलमोहराला मादागास्करला!

तथापि एवढ्यावर समाधान मानता येत नाही. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात शोभेसाठी आणली गेली. पुढे पाखरांनी तिची फळे खाऊन बिया रानोमाळ नेल्या. तिच्या दाट जाळीखाली इतर रोपांना उजेड मिळत नाही आणि गवत मरते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत भारतातील व्याघ्र-अधिवासाच्या वनांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक क्षेत्र, म्हणजे सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर, तिने व्यापल्याचे आढळले. शिवाय तिचा पाला गुरांना विषारी असतो. खाल्ल्यास यकृत बिघडते. ‘घाणेरी’ हे नाव अरसिकाचे नसून गुराख्याचे असावे, असा आमचा तर्क आहे. लोकसाहित्याच्या एवढ्या साक्षेपी अभ्यासिकेने लोकांच्याच या शब्दातील इशारा ऐकू नये, याचे नवल वाटते. अर्थात १९५६ साली लिहिलेल्या ललित लेखाला आजच्या पाहणीचा जाब विचारणे अन्यायाचे होईल.

सौंदर्याचा निकष आणि जन्मभूमीचा निकष हे दोन्ही अपुरे ठरतात, तेव्हा तिसरा कोणता, हे कर्नाटकातील बिळिगिरीरंगन डोंगरांतल्या सोलिगांच्या अनुभवावरून उमगते. ते पूर्वी कोरड्या ऋतूत पाचोळ्याला हलकी आग लावीत. १९७४ साली तेथे अभयारण्य झाल्यानंतर ही प्रथा बंद पडली आणि त्यामुळेच घाणेरी माजली, असे सोलिग सांगतात. पुढे त्यांच्यापैकी काहींनी तिच्याच काठ्यांच्या खुर्च्या आणि टोपल्या बनविण्याचे काम हाती घेतले. घाणेरीला ते सुंदरही म्हणत बसले नाहीत आणि परकीयही. ती शेजाऱ्यांशी कशी वागते, एवढेच त्यांनी पाहिले. वन आणि समाज यांचे धारणसामर्थ्य ज्या नानाविधतेवर उभे असते, तिला ही वनस्पती जागा ठेवते की नाही, हा त्यांच्या दृष्टीने खरा प्रश्न.

हा निकष हाती घेऊन मूळ लेखाकडे वळले असता एक गोष्ट ध्यानात येते. लेखिकेने घाणेरीला चैत्रात जागा दिली ती मोजकीच. पिंपळाची पालवी, फणस, कैऱ्या, माड आणि पाखरांची घरटी यांच्या मेळ्यात ती आली आहे. कोणाचाही उजेड तिने अडविलेला नाही. विवेचनात जो विवेक लेखिकेने बोलून दाखविला नाही, तो लेखाच्या रचनेत मात्र सहज उतरला आहे. ग्रंथातील घाणेरी आणि आजच्या रानातील घाणेरी यांत फरक आहे तो नेमका येथे. आणि ‘ऋतुचक्र’ हा केवळ पुष्पवर्णनांचा संग्रह समजणाऱ्या समीक्षकांच्या नजरेतून निसटला तोही हाच.