सौर पंप आणि विहिरीचा तळ

सौर कृषिपंपाविषयी मराठीत आज जे लिहिले जाते त्याचे दोन ठरलेले साचे आहेत. पहिला जाहिरातीचा. हिरवे शेत, निळ्या प्लेटा, हसरा शेतकरी आणि खाली ‘सूर्य बिल पाठवत नाही’ या अर्थाचे एखादे वाक्य. दुसरा साचा तक्रारीचा. पंपाला दाब नाही, वाऱ्याने प्लेटा उडाल्या, पुरवठादार फोन उचलत नाही. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही पंपापाशीच थांबतात. पंप ज्या पाण्यात सोडलेला असतो ते पाणी या चर्चेत जवळजवळ नसते. म्हणून या लेखात मी पंपाकडून विहिरीकडे जाणार आहे.

आधी लाभाचे बोलू. तो खरा आहे, आणि शहरात राहून या विषयावर लिहिणाऱ्यांना त्याचे मोल पुरते कळलेले नाही. महाराष्ट्रात शेतीला थ्री फेज वीज मिळते ती पाळीने, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की पौष-माघाच्या थंडीत माणूस बॅटरी घेऊन दारे धरायला उभा राहतो. पाटाच्या कडेला साप असतो. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर या उसाच्या पट्ट्यात बिबट्या असतो. यावर शेतकऱ्यांनी आपला उपाय शोधला, तो म्हणजे ऑटो स्विच. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. पण एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या की डीपी जळते. जळालेली डीपी बदलून येईपर्यंत पीक वाळते. पाणी मात्र शेत भिजल्यावरही वाहत राहते, कारण ते बंद करायला कोणी जागे नसते.

पारनेर तालुक्यातल्या एका कांदा उत्पादकाला मी विचारले, सौर पंपाने नेमके काय बदलले? उत्पन्नाचा आकडा येईल अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, “सर, पूर्वी लाईटच्या वेळेवर आम्ही उठायचो. आता जेवून-खाऊन शेतात जातो.” घरातल्या बाईंनी त्यात भर घातली, “यांना पाठवल्यावर झोप कुठली यायची? सारखं दाराकडं कान.” ऊर्जेच्या कोणत्याही ताळेबंदात या झोपेचा रकाना नसतो. तो असायला हवा, असे माझे मत आहे.

आता योजनेकडे. केंद्राची ‘कुसुम’ योजना २०१९ची. महाराष्ट्रात तिच्या आगेमागे मुख्यमंत्री सौर कृषिपंप योजना आणि २०२४पासून ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ आली. सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के भरायचे आणि बाकीचे सरकारने. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ एचपी, त्यापुढे साडेसात. याची दुसरी बाजू जाहिरातीत ठळक नसते. कोटेशन भरून वर्षानुवर्षे ‘पेड पेंडिंग’च्या यादीत बसलेल्यांना आता खांब-तार न देता सौर पंपाकडे वळवले जाते. म्हणजे काहींसाठी हा पर्याय आहे आणि काहींसाठी पर्यायाचा अभाव. शेजारच्या बांधावर जुनी जोडणी असलेल्याला साडेसात एचपीपर्यंतचे बिल २०२४पासून माफ आहे. त्याची मोटार ढग आले तरी चालते. तेव्हा नव्या माणसाने ‘मला तारेचीच लाईट द्या’ म्हटले तर त्याला तंत्रज्ञानविरोधी ठरवण्यात अर्थ नाही.

दाबाच्या तक्रारीकडे थोडे हिशेबाने पाहिले पाहिजे, कारण तिथे वादावादीत दोन्ही बाजू हवेत बोलतात. पाच किलोवॉटच्या प्लेटा आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला ढोबळमानाने वीस युनिट वीज देतात. काहीही वाया गेले नाही असे धरले तर एक युनिट वीज ३० मीटरवर सुमारे १२ हजार लिटर पाणी चढवते. प्रत्यक्षात मोटार, पंप आणि पाइप मिळून निम्म्याहून अधिक खातात, तेव्हा पाच हजार लिटर धरू. म्हणजे दिवसाला लाखभर लिटर. एका एकरावर दोन इंच पाणी द्यायचे तर दोन लाख लिटर लागतात. ३० मीटरच्या विहिरीवर एक एकर दोन दिवसांत भिजेल. हे ठीक आहे. पण पाणी ९० मीटरवर असेल तर तेच काम सहा दिवसांचे होते. कांद्याला आठ-दहा दिवसांनी पाळी द्यावी लागते, त्यामुळे पाटपाण्याने दीड एकराच्या वर जाणे अशक्य. यात पंप बिघडलेला नाही. तो त्या खोलीला पुरत नाही, एवढेच.

शिवाय सरासरी ही सरासरीच असते. प्लेटेची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. मे महिन्यात विदर्भात प्लेट साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापते आणि प्रत्येक अंशामागे उत्पादन साधारण ०.३५ ते ०.४ टक्क्याने घटते. चाळीस अंशांचा फरक म्हणजे सातवा हिस्सा गेला. त्यावर धूळ. आणि यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की पंप विजेच्या प्रमाणात पाणी देत नाही. फेरे एका मर्यादेखाली गेले की पाणी त्या उंचीवर चढतच नाही. ऊन निम्मे झाले तर पाणी निम्मे येईल असे वाटते, पण खोल बोअरवर ते शून्यही होऊ शकते. सकाळी नऊला आणि दुपारी चारला मोटारीचा आवाज येतो आणि पाइप कोरडा राहतो, याचे कारण हे आहे. एकराच्या आकडेवारीवरून एचपी ठरवणाऱ्या नियमात पाण्याची खोली दुय्यम ठरते. योजनेतला सर्वांत मोठा तांत्रिक दोष मला हाच दिसतो.

आता विहीर. महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग बेसॉल्टचा. काळ्या पाषाणाला स्वतःची साठवण फार थोडी. पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या थरात, भेगांत, सच्छिद्र मुरुमात. म्हणून आपल्याकडे विहिरीचे मोजमाप फुटांत कमी आणि तासांत जास्त सांगतात. ‘विहीर दोन तास चालते’, मग थांबायचे, झरे भरू द्यायचे. भूजलाचा इतका नेमका शब्दकोश ज्या भाषेत आहे तिच्यातल्या योजनापत्रकांत तो उतरत नाही, हे मला खटकते.

या विहिरींना आजवर तीन गोष्टींनी सांभाळले. डिझेलचा खर्च, विजेचे वेळापत्रक आणि दुरुस्तीचा त्रास. तिन्ही जाचक होत्या, त्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण उपशाला लगाम म्हणून त्या काम करत होत्या. डिझेलवाला प्रत्येक लिटरमागे विचार करतो की हे पाणी खरेच हवे का? सौर पंपात पुढच्या लिटरचा खर्च शून्य असतो. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स याने १८६५मध्ये कोळशाबद्दल दाखवून दिले होते की यंत्र काटकसरी झाले म्हणून एकूण वापर कमी होत नाही, उलट वाढतो. पाण्याला ते अधिकच लागू पडते, कारण भेगेतले पाणी माझ्या सातबाऱ्यावर थांबत नाही. मी काढले नाही तर शेजारी काढणार.

विजेच्या बाबतीत हा धडा आपण एकदा गिरवलेला आहे. सत्तरच्या दशकापासून अनेक राज्यांनी शेतीपंपांचे मीटर सोडून एचपीवर ठोक दर लावला. पुढे कुठे दर घटला, कुठे माफ झाला. महाराष्ट्रात २००४मध्ये मोफत विजेची घोषणा झाली आणि पुढच्याच वर्षी ती मागे घ्यावी लागली. ठोक दराचे परिणाम मीटरवर दिसले नाहीत, ते बोअरच्या खोलीवर दिसले. सौर पंप हा त्याच ठोक दराचा शेवटचा टप्पा आहे, फरक इतकाच की यात वीज कंपनीचा तोटा वाचतो. सरकारच्या दृष्टीने हा फायदा मोठा आहे. विहिरीच्या दृष्टीने हिशेब जुनाच राहतो.

सौर पंप दिवसाच चालतो, म्हणून उपसा आपोआप मर्यादित राहील, असे समर्थक म्हणतात. खोल बोअरवर हे खरे आहे. तिथे पंपाची दुबळीकच पाण्याचे रक्षण करते. पण उथळ विहिरीवर उन्हाचे सात-आठ तास विहिरीच्या दोन तासांपेक्षा कितीतरी जास्त. झरे भरले की पंप पुन्हा ओढतो, रोज, पीक असो वा नसो. ते पाणी जाते कुठे? प्लास्टिकच्या शेततळ्यात. जमिनीखाली सावलीत असलेले पाणी वर आणून उन्हात ठेवायचे, जिथून वर्षाकाठी दीड-दोन मीटर थर वाफ होऊन जातो. फळबागवाल्याला ही विम्यासारखी सोय वाटते आणि त्याच्या जागी मीही कदाचित तेच करीन. गावाच्या हिशेबात मात्र ही उचल आहे, तीही परतफेड नसलेली.

यावर गुजरातेत एक प्रयोग झाला, त्याचा उल्लेख इंग्रजी लेखनात वारंवार येतो आणि मराठीत क्वचित. खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात २०१५-१६च्या सुमारास सहा शेतकऱ्यांनी सौर पंपधारकांची सहकारी मंडळी स्थापन केली. मागे आंतरराष्ट्रीय जलव्यवस्थापन संस्था आणि तुषार शाह यांचा विचार होता. कल्पना सोपी आहे. पंप वर्षात निम्मेही दिवस चालत नाही, उरलेली वीज कंपनीने विकत घ्यावी. मग पाणी उपसणे म्हणजे वीज न विकणे, आणि पुढच्या लिटराला पुन्हा किंमत येते. ऊन हेच पीक. आपल्या वरच्या हिशेबात पाच किलोवॉटचा पंप १५० दिवस चालला तर उरलेल्या दिवसांची चार हजारांहून अधिक युनिटे वाया जातात, हे ध्यानात घेतले की कल्पनेतली ताकद कळते.

तरीही या प्रयोगाचे जे कौतुक होते ते मला अपुऱ्या वाचनाचे वाटते. कंपनीने युनिटला ४ रुपये ६३ पैसे दिले, त्यावर संस्थेने हरित ऊर्जा आणि जलबचत यांच्या नावे अडीच रुपयांची भर घातली. सात रुपयांवर जाऊन शेतकरी हरखला, तो पावणेपाचला हरखला असता का? सभासद मुळात डिझेलवाले होते, तारेच्या स्वस्त विजेचा हक्क त्यांनी करारात सोडला होता. ज्याला आज बिलमाफी आहे त्याला हा सौदा कोण पटवणार? पुढे गुजरातने २०१८मध्ये ‘सूर्यशक्ती किसान योजना’ आणली, कुसुममध्येही शेतकऱ्याकडून वीज घेण्याची तरतूद झाली, पण तिचा वेग मंदच राहिला. सहकाराचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्रात साखर आणि दुधाच्या तोडीची विजेची मंडळी उभी राहिली नाही, हे मात्र आश्चर्यच.

आपण वाट धरली ती फीडरची. २०१७च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत आणि २०२३च्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीत उपकेंद्राजवळ प्रकल्प उभारून दिवसा वीज द्यायची, दुसऱ्या आवृत्तीत जमीन देणाऱ्याला हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाचे भाडे. झोपेचा लाभ इथेही मिळतो, डीपीही तीच राहते, पुरवठादारामागे धावावे लागत नाही, आणि न वापरलेली वीज जाळ्यात जाते. दोन्हींत निवड करायची झाली तर मी फीडरला कौल देईन. सुटा सौर पंप तार पोचू न शकणाऱ्या दुर्गम वाड्या-पाड्यांसाठी ठेवावा.

दुरुस्तीबद्दल थोडे. पाच वर्षे देखभाल पुरवठादाराकडे, त्यानंतर काय, याचे उत्तर गावात नाही. सत्तरच्या दशकात हातपंप सारखे मोडत, तेव्हा जालना-सोलापूरच्या कार्यशाळांत ते सुधारले गेले आणि सोलापूर पंपावरून ‘इंडिया मार्क टू’ घडला. तो हत्यारांनी खोलता येई. कंट्रोलर तसा खोलता येत नाही. पाण्याच्या मोटारीचे वाइंडिंग करणारा तालुक्यात शंभर पावलांवर सापडतो, पण कंट्रोलरची पाटी वाचणारा जिल्ह्यातही शोधावा लागतो.

नियमनाचे शस्त्र कागदावर आहे. महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९चा, लागू झाला २०१४मध्ये. ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन घालण्याची भाषा त्यात आहे. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर न घेण्याचे कायद्याआधीच ठरवले, कारण तिथे पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो. आणि ताळेबंदाला लागणारी माहिती आता आयतीच तयार होते आहे. योजनेतल्या सौर पंपावर दूरस्थ देखरेखीचे यंत्र बसवलेले असते. कोणता पंप किती तास चालला हे ते कळवत राहते. दुसरीकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. पहिली माहिती पंप चालू आहे की बंद हे पाहण्यापुरती वापरली जाते, दुसरी टंचाई जाहीर करण्यापुरती. एकाच शिवारातले हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहिलेला फळा मला आजवर फिरलेल्या एकाही ग्रामपंचायतीत दिसला नाही.