स्वनिर्देश आणि विरोधाभास : एका कूटप्रश्नाचे परीक्षण

‘या प्रश्नाचे उत्तर पुढील चार पर्यायांतून यदृच्छया निवडल्यास ते बरोबर असण्याची संभाव्यता किती? (अ) २५ टक्के, (आ) ५० टक्के, (इ) ६० टक्के, (ई) २५ टक्के.’ या प्रसिद्ध कूटप्रश्नाची गणना सर्रास विरोधाभासांत केली जाते आणि त्याचा दोष ‘या’ या दर्शकाच्या माथी मारला जातो. प्रस्तुत लेखकास ही दोन्ही मते अमान्य आहेत.

२५ बरोबर मानावे, तर तो पर्याय दोनदा आल्यामुळे संभाव्यता ५० होते. ५० किंवा ६० मानावे, तर ती २५ ठरते. येथवर मतभेदास जागा नाही. परंतु यातून निष्पन्न होते ते इतकेच की, चारांपैकी एकही पर्याय बरोबर नाही. म्हणजे संभाव्यता शून्य. आणि शून्य पर्यायांत नसल्यामुळे या उत्तरात कसलीही विसंगती नाही. वाचकाची फसगत होते ती प्रश्नपत्रिकेच्या संकेतामुळे. दिलेल्या पर्यायांत एक तरी बरोबर असतोच, हे त्या संकेताचे पूर्वगृहीत होय. पूर्वगृहीत ढासळले म्हणजे सत्यासत्यतेचा प्रश्नच उद्भवत नाही, असे स्ट्रॉसन यांनी १९५० साली प्रतिपादिले. येथेही ‘कोणता पर्याय?’ हा प्रश्न निरवकाश होतो, ‘किती?’ या प्रश्नास मात्र उत्तर आहे.

आता (इ)च्या जागी शून्य घालून पाहावे. एकही पर्याय बरोबर नाही म्हणावे, तर संभाव्यता शून्य. म्हणून (इ) बरोबर. म्हणून संभाव्यता २५. आणि २५ तर आधीच बाद झालेले! हा खरा विरोधाभास, ‘हे वाक्य असत्य आहे’ याचा सख्खा भाऊ. उलट २५, ५०, ५०, ० असे पर्याय दिल्यास २५ आणि ५० ही दोन्ही उत्तरे आपापल्या परीने सुसंगत ठरतात, आणि त्यांत निवड करण्यास काहीच आधार सापडत नाही. ‘हे वाक्य सत्य आहे’ याची स्थिती अशीच असते. निराधार वाक्य आणि विरोधाभासी वाक्य यांतील हा भेद क्रिप्की यांनी १९७५ साली स्पष्ट केला.

तिन्ही प्रश्नांत ‘या’ तोच आहे. ‘या वाक्यात पाच शब्द आहेत’ हे वाक्यही स्वतःकडेच बोट दाखविते, आणि ते निर्विवाद सत्य आहे. गोंधळ माजतो तो ‘बरोबर’ हे विशेषण स्वतःच्याच निर्णयावर अवलंबून राहते तेव्हा. आणि तेव्हाही नेहमीच नव्हे.

जाता जाता : वरील सर्व हिशेब चारही पर्याय समसंभाव्य मानून केला आहे. ‘यदृच्छया’ हा शब्द तितके सांगत नाही. निवडणारा शंभरांत साठ वेळा (इ) उचलीत असेल, तर मूळ प्रश्नास ६० हेही सुसंगत उत्तर ठरते.